मुदतीचा पत्ता

खोपोली, ऐन आषाढात

प्रिय भाचेबाई,

तुझ्या लॅबचा फोटो मिळाला. निम्म्या मशीनवर १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते, आणि खाली तुझा प्रश्न: ‘मामा, मी तर १९२.१६८ च्या पत्त्यांचा पूल ठेवला होता. हे पत्ते यांना दिले कोणी?’

कोणीच दिले नाहीत. त्यांनी ते आपले आपण घेतले. पण एवढं सांगून फोन ठेवला असता, तर तू तोंडी परीक्षेत केलंस तेच पुन्हा केलं असतंस. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक. चार शब्द, पूर्ण मार्क, विषय संपला. शब्द बरोबरच आहेत, पण नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीचं खरं डोकं त्या चारांच्या बाहेर आहे. म्हणून सविस्तर लिहितोय. कर्जत-खालापूरकडच्या ज्या मंडळींच्या गळ्यात शाळेची लॅब, दवाखान्याचा काउंटर किंवा पतसंस्थेची मशीन पडली आहेत, त्यांनीही हे वाचलं तर माझी हरकत नाही.

बटण दाबल्यावर मशीनला स्वतःबद्दल काय ठाऊक असतं, ते आधी बघ. कार्डात कारखान्यातच भरलेला ४८ बिटांचा क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस, बस. त्यातले पहिले २४ बिट आयट्रिपलई ही संस्था कार्ड बनवणाऱ्या कंपनीला नेमून देते, उरलेले कंपनी भरते. या क्रमांकावर एकाच स्विचला जोडलेल्या मशीनशी बोलता येतं. राऊटरपलीकडे जायला मात्र आयपी पत्ता लागतो, आणि तो कार्डात आधीच भरून ठेवता येत नाही, कारण तो मशीन कोणतं यावरून ठरत नाही, ते कुठे जोडलंय यावरून ठरतो. तुझा लॅपटॉप इथे माझ्या घरी एका पत्त्यावर असतो, तुझ्या लॅबमध्ये दुसऱ्या. आता गंमत अशी, की पत्ता मागायचा तर निरोप पाठवायला हवा, आणि निरोप पाठवायला पत्ता हवा.

मशीन काय करतं? पाठवणाऱ्याच्या जागी ०.०.०.० लिहितं, घेणाऱ्याच्या जागी २५५.२५५.२५५.२५५, आणि यूडीपीच्या ६८ क्रमांकाच्या पोर्टवरून ६७ कडे निरोप सोडून देतं. स्विच तो सगळ्या तारांवर टाकतो. बाकीची मशीन दुर्लक्ष करतात, सर्व्हर तेवढा उत्तर देतो: हा पत्ता घे, हा मास्क, हा गेटवे, हा डीएनएस, आणि इतका वेळ वापर. तुझ्या लॅबमध्ये तासाच्या सुरुवातीला सगळी पोरं एकदम बटणं दाबतात. कोणतं उत्तर कोणाचं हे कळावं म्हणून प्रत्येक मशीन आपल्या निरोपावर ३२ बिटांचा एक यदृच्छ क्रमांक टाकतं आणि त्याच क्रमांकाचं उत्तर आपलं मानतं. शिवाय सगळ्यांनी एकाच क्षणी गलका करू नये म्हणून नियमात म्हटलंय, की सुरू झाल्यावर १ ते १० सेकंदांमध्ये कितीही वेळ थांबा आणि मग विचारा.

तिसऱ्या निरोपाबद्दल तुला परीक्षकांनी विचारलं नाही याचं मला आश्चर्य वाटतं. सर्व्हरने पत्ता देऊ केला, मग मशीन ‘हाच हवा’ हे पुन्हा सगळ्यांना उद्देशून का सांगतं? एव्हाना त्याला सर्व्हर माहीत झालेला असतो. कारण असं, की नेटवर्कवर दोन सर्व्हर असू शकतात आणि दोघांनीही एकेक पत्ता बाजूला काढलेला असतो. मशीनने कोणाचा घेतला हे ज्याचा घेतला नाही त्यालाही कळायला हवं, म्हणजे तो आपला पत्ता पुन्हा पुलात टाकतो. म्हणजे हा निरोप जितका होकार आहे, तितकाच दुसऱ्याला दिलेला नकार. आणि हे सगळं उरकल्यावरही नीट लिहिलेलं मशीन लगेच विश्वास ठेवत नाही. मिळालेल्या पत्त्यावर आधीच कोणी बसलंय का, हे एआरपीने सगळ्यांना विचारून बघतं. कोणी उत्तर दिलं तर ‘डिक्लाइन’ पाठवून पत्ता परत करतं आणि पहिल्यापासून सुरुवात करतं.

आणखी एक. रोज सकाळी हे चारही निरोप होतातच असं नाही. काल मिळालेल्या पत्त्याची मुदत उरलेली असेल, तर मशीन सुरू होताना थेट तिसऱ्या पायरीवर येतं: ‘काल माझ्याकडे अमुक पत्ता होता, तोच चालू ठेवू?’ सर्व्हर हो म्हणाला की काम झालं. तेच मशीन उचलून दुसऱ्या नेटवर्कवर नेलंस, तर तिथला सर्व्हर ‘नॅक’ देतो आणि मग त्याला मुकाट्याने पहिल्यापासून विचारावं लागतं.

आता थोडं मागे जाऊ. सुरुवातीला हा प्रश्न आपल्यासारख्यांना पडलाच नव्हता. थोडी मशीन, प्रत्येकावर पत्ता हाताने टाकायचा, तो डिस्कवर राहायचा. १९८० नंतर डिस्क नसलेली वर्कस्टेशन आली. डिस्क महाग, म्हणून यंत्रणा दुसऱ्या मशीनवर ठेवायची आणि सुरू होताना तारेवरून ओढून घ्यायची. अशा मशीनला स्वतःचा पत्ता लिहून ठेवायलाच जागा नव्हती. जून १९८४ मध्ये स्टॅनफर्डच्या चौघांनी रार्प आणलं: मॅक सांगा, आयपी घ्या. ते फार तोकडं होतं. पत्त्याशिवाय काहीच द्यायचं नाही, आणि राऊटर ओलांडायचं नाही, म्हणजे प्रत्येक तारेच्या तुकड्यावर एक सर्व्हर बसवा. सप्टेंबर १९८५ मध्ये स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्सचे जॉन गिलमोर यांनी बूटपी लिहिलं. ते यूडीपीवर चालत असल्यामुळे मधला राऊटर निरोप पुढे पोचवू शकला, आणि पत्त्यासोबत कोणती बूट फाइल कुठून आणायची तेही बूटपी सांगू शकलं. आजही डिस्कशिवाय मशीन तारेवरून सुरू करतो तेव्हा हीच वाट असते. असं तारेवरून सुरू करणाऱ्या पीएक्सईच्या काळ्या पडद्यावर ‘डीएचसीपी’ लिहून पुढे टिंबं वाढत जातात ना, ती तीच.

बूटपीत एक गोष्ट मात्र नव्हती. सर्व्हरवर एक तक्ता असायचा, या मॅकला हा पत्ता, आणि तो तक्ता माणूस लिहायचा. दिलेला पत्ता दिलेला. मशीन भंगारात गेलं तरी तक्त्यात त्याची ओळ तशीच. वर्कस्टेशन जागची हलत नव्हती तोवर ठीक होतं, पण लॅपटॉप आले आणि मशीनला पाय फुटले. ऑक्टोबर १९९३ मध्ये बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांनी डीएचसीपीचा पहिला नियम दिला. मार्च १९९७ चा सुधारलेला नियम आपण आजही वापरतो. ड्रोम्स यांनी शहाणपणाने बूटपीच्या निरोपाचा साचा तसाच ठेवला, म्हणजे जगभर बसलेले, निरोप पुढे पोचवणारे राऊटर बदलावे लागले नाहीत. तू निरोप पकडून आत बघितलास तर ९९.१३०.८३.९९ असे चार आकडे दिसतील. ती बूटपीच्या काळातली खूण आहे, अजून तशीच आत बसलेली.

ड्रोम्स यांनी घातलेली खरी भर म्हणजे मुदत. मला तुला सांगायचंय ते हेच. पत्ता देणं कधीच अवघड नव्हतं. अवघड होतं तो परत घेणं, कारण मशीन जाताना सांगून जात नाहीत. कोणी प्लग उपटतं, कोणी लॅपटॉप मिटून गाडी पकडायला पळतं, कधी लाइट जाते. ‘मी पत्ता सोडतोय’ असा निरोप डीएचसीपीत आहे, पण तो येईल या भरवशावर काहीच उभं केलेलं नाही. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्या मोडेमच्या दिवसांत ही अडचण नव्हती. तिथे पत्ता फोनच्या लाइनवरचं पीपीपी द्यायचं, आणि ती लाइन तुटली की पलीकडच्याला लगेच कळायचं. पत्ता आपोआप मोकळा. स्विचच्या जाळ्यात सर्व्हरला असं काहीच दिसत नाही. कोण आहे आणि कोण गेलं, त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून त्याने प्रत्येक देण्यालाच तारीख लावली.

तुमच्या बिल्डिंगमधल्या भाडेकरूंचा अकरा महिन्यांचा करार आठव. तारीख उलटली की करार आपोआप संपतो, राहायचं असेल तर भाडेकरूनेच पुढे येऊन बोलायचं. इथेही तसंच, फक्त मशीन आपल्या भाडेकरूंपेक्षा फार आधी बोलायला येतं. निम्मी मुदत झाली की ते ज्या सर्व्हरने पत्ता दिला त्यालाच, थेट, वाढवून मागतं. उत्तर नाही आलं तर पत्ता वापरत राहतं आणि मधूनमधून विचारत राहतं. मुदतीचे आठातले सात हिस्से सरले तरी गप्पच, तर मग ते त्या सर्व्हरची आशा सोडून सगळ्यांना विचारू लागतं. मुदत संपली की पत्ता सोडायलाच हवा, मधेच डाउनलोड चालू असलं तरी. याचा फायदा लक्षात घे. मुदत लांब असेल, तर सर्व्हर दुपारी बंद पडला तरी चालू असलेल्या मशीनना संध्याकाळपर्यंत कळतही नाही.

मुदत किती ठेवायची, यात तुझं काम आहे, आणि इथे पुस्तक मदत करत नाही. विंडोज सर्व्हर न विचारता ८ दिवस ठेवतो. तुझ्या लॅबला ते उत्तम, कारण मशीन तीच, जागा तीच. हेच ८ दिवस कारखान्याच्या कँटीनच्या वाय-फायला ठेवलेस तर फसशील. २४ बिटांच्या मास्कवर वापरण्याजोगे पत्ते २५४. पाळी बदलते, ठेकेदाराची माणसं बदलतात, ट्रकवाले तासभर थांबतात. प्रत्येक खिशातला फोन एकेक पत्ता आठवडाभर अडकवून निघून जातो. त्यात अँड्रॉइड १० आणि आयफोनच्या २०२० मधल्या आवृत्तीपासून फोन आपला खरा मॅक सांगतच नाहीत, प्रत्येक वाय-फायला वेगळा बनवून देतात. माणसाचा खाजगीपणा जपला जातो, चांगलंच आहे, पण तक्ता लिहून बसणाऱ्याचा तक्ता फुकट जातो. अशा ठिकाणी मुदत एखाद-दोन तासांची ठेवावी. फार कमी केलीस तर सर्व्हर जरा वेळ बंद पडताच सगळे पत्ते सुटतात, म्हणून मिनिटांवर जाऊ नकोस.

आता तुझा फोटो. पाऊस, आणि लाइट जाऊन आली. एवढंच झालं होतं ना? खोपोलीकर विजेवर बोलायला लागला की टाटांच्या वीजघराचं नाव घेतल्याशिवाय राहत नाही: लोणावळ्याच्या तलावांचं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली उतरवून १९१५ साली इथे वीज झाली आणि मुंबईच्या गिरण्यांना गेली. सोडून देतो, पत्र भलतीकडे जाईल. लाइट परत आली तेव्हा तुझ्या लॅबमध्ये बरंच काही एकदम सुरू झालं: निम्मी मशीन, स्विच, आणि पत्ते वाटणारा राऊटरही. सगळ्यांना जागं व्हायला सारखा वेळ लागत नाही. तुझी नवी मशीन एसएसडीवर अर्ध्या मिनिटात उठतात, राऊटर दोन मिनिटं घेतो. मशीननी विचारलं तेव्हा उत्तर द्यायला कोणी नव्हतंच.

स्विचची वेगळी गोष्ट आहे आणि ती लोकांच्या ध्यानात येत नाही. स्विचवर जुना स्पॅनिंग ट्री चालू असेल, तर तार जिवंत झाल्यावर तो पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो, आणि मग निरोप पुढे जाऊ देतो. तारांचं वेटोळं होऊन नेटवर्क बुडू नये म्हणून ही काळजी. पण त्या ३० सेकंदांत मशीनने पाठवलेले डिस्कव्हर तिथेच गडप. मशीन नियमाप्रमाणे आधी ४ सेकंद थांबून पुन्हा विचारतं, मग ८, मग १६, पण बरीच मशीन फार वेळ वाट बघत नाहीत. विंडोजकडे जुना पत्ता असेल तर तो आणखी एक गोष्ट करतो: गेटवेला पिंग करतो. गेटवे उत्तरला तर ‘आपण जुन्याच जागी आहोत’ असं धरून जुना पत्ता चालू ठेवतो. तुझा गेटवे तोच राऊटर, तोच अजून झोपेत, म्हणून जुना पत्ताही गेला. जी मशीन पोरांनी उशिरा सुरू केली त्यांना नीट पत्ते मिळाले. निम्मीच का, याचं उत्तर एवढंच.

पत्ता न मिळालेल्या मशीनने मग १६९.२५४ च्या पट्ट्यातला एक आकडा मनाने उचलला, तो कोणी वापरत नाही ना हे तीनदा विचारून घेतलं, आणि लावून टाकला. विंडोज ९८ पासून हे चालत आलंय. २००५ मध्ये त्याचा रीतसर नियम झाला. असे पत्ते घेतलेली मशीन एकमेकांशी बोलू शकतात, एकाच्या फाइल दुसऱ्यावर उघडतात, पण राऊटर त्यांना बाहेर सोडत नाही. विंडोज दर पाच मिनिटांनी पुन्हा सर्व्हर शोधत राहतो, त्यामुळे तू चहा पिऊन आली असतीस तर बरीचशी आपोआप ठीक झाली असती. तरी दोन गोष्टी करून ठेव. राऊटर आणि स्विच यूपीएसवर घे, मशीन नंतर. आणि ज्या पोर्टांना फक्त पीसी जोडलेत ते एज पोर्ट म्हणून नोंदव, म्हणजे ते लगेच निरोप सोडतील. स्विच ते स्विच जाणाऱ्या तारेला मात्र हे लावू नकोस.

विश्वासाचं एक सांगायचं राहिलं. मशीनला काहीच माहीत नसतं, त्यामुळे उत्तर देणारा खरा की खोटा हे तपासायला त्याच्याकडे काही नसतं. जो आधी बोलला त्याचं ऐकायचं. इथल्याच एका कारखान्यात, नाव विचारू नकोस, पॅकिंगमधल्या कोणीतरी घरचा वाय-फाय राऊटर आणून भिंतीच्या सॉकेटला जोडला, आणि तार खोचली ती लॅनच्या भोकात. तो बिचारा राऊटर आपलं काम करू लागला, म्हणजे पत्ते वाटू लागला. गंमत अशी, की रात्रपाळीपासून चालू असलेली मशीन व्यवस्थित आणि सकाळी सुरू केलेली सगळी आंधळी. रात्रीची मशीन मुदत वाढवायला आपल्या जुन्या सर्व्हरकडे थेट जात होती, त्यांना नव्याची हाक ऐकूच आली नव्हती. असा फरक दिसला की समज, कुठेतरी दुसरा वाटेकरी बसलाय. २००१ मध्ये डीएचसीपीच्या निरोपांना सही जोडण्याचा नियम निघाला होता, पण तो कोणी फारसा वापरला नाही. जे मशीन आत्ताच जागं झालंय, त्याच्याकडे किल्ली आधी कोणी द्यायची? उपाय स्विचवर आहे: सर्व्हरची उत्तरं फक्त ठरलेल्या पोर्टवरूनच येऊ द्यायची. डीएचसीपी स्नूपिंग. तुझ्या स्विचमध्ये असेल तर आजच चालू कर. पोरं काहीही आणून जोडतात.

तू विचारशील, इतका खटाटोप कशाला, प्रत्येक मशीनला कायमचा पत्ता का नको? ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात, आणि ३ फेब्रुवारी २०११ ला त्यांचे शेवटचे मोठे गठ्ठे जगाच्या पाच विभागांना वाटून झाले. आपल्या आशिया-प्रशांत विभागाचा साठा त्याच वर्षी १५ एप्रिलला शेवटच्या गठ्ठ्यावर आला. तुझ्या लॅबचे १९२.१६८ हे तर १९९६ च्या नियमाने घराघरात पुन्हा पुन्हा वापरायला मोकळे ठेवलेले पत्ते. खोपोलीत त्याच आकड्याची हजारो मशीन असतील. आयपीव्ही६ मध्ये पत्ता १२८ बिटांचा झाला आणि टंचाई गेली, तेव्हा पद्धतही बदलली. राऊटर पहिले ६४ बिट जाहीर करतो, उरलेले ६४ मशीन आपलं आपण ठरवतं आणि दुसऱ्या कोणाचे तेच नाहीत ना हे विचारून घेतं. तू ज्या १६९.२५४ ला घाबरलीस, तोच मार्ग तिथे राजमार्ग झालाय. भारत आयपीव्ही६ वापरण्यात जगात पुढे आहे, मुख्यतः मोबाइलमुळे. कर्जत-खोपोली लोकलमध्ये तू मोबाइल डेटावर व्हिडिओ बघत येतेस, तेव्हा तुझ्या फोनने डीएचसीपीच्या त्या चार शब्दांपैकी एकही उच्चारलेला नसतो. मुदत मात्र तिथेही आहे. राऊटर ते ६४ बिट जाहीर करताना ते किती काळ चालतील, हे सोबत सांगतोच.

कळव, स्विचमध्ये काय सापडलं ते. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा

ता. क. लॅबच्या प्रिंटरला सर्व्हरवर त्याच्या मॅकवरून पत्ता राखून दे. प्रिंटरच्या बटणांवर हाताने पत्ता टाकत बसू नकोस. हाताने टाकलेला पत्ता पुलाच्या आत पडला, तर एखाद्या दिवशी सर्व्हर तोच कोणा मशीनला देईल आणि पोरं म्हणतील प्रिंटर बिघडला. पूल ५० ते २०० ठेव, म्हणजे दोन्ही टोकांना जागा उरेल. आणि कोणता पोर्ट कुठल्या बाकाला जातो ते स्विचवर चिकटपट्टी लावून लिही, पेनाने नको, मार्करने. पावसाळ्यात पेनाची शाई महिनाभरही टिकत नाही.